जुनी पद्मिनी घरी रंगवायची आहे : कोणता रंग घ्यावा, तयारी किती आणि काम कुठे बिघडतं

प्रश्न थोडक्यात असा आहे : १९७८ची प्रीमियर पद्मिनी, इंजिन चांगलं, रंग ठिकठिकाणी उडालेला, फूटबोर्डाला आणि दारांच्या खालच्या कडांना गंज. घरामागे पत्र्याची शेड आहे, दोन एचपीचा कॉम्प्रेसर मिळतोय, स्प्रे गन आजवर हातात धरलेली नाही. गाडी स्वतः रंगवता येईल का, आणि गॅरेजवाले सांगतात तसा पीयू (पॉलियुरेथेन, हार्डनर मिसळून कडक होणारा रंग) मारायचा का?

रंगवता येईल. पीयू मात्र मारू नका. पहिल्यांदा आणि घरी रंगवणाऱ्याने एनसी रंग घ्यावा, म्हणजे आपल्याकडे ज्याला ड्यूको म्हणतात तो नायट्रोसेल्युलोज रंग. त्यात झालेली प्रत्येक चूक दुसऱ्या दिवशी घासून काढता येते.

पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा फवारा फुफ्फुसात गेला की दमा लागू शकतो, आणि एकदा शरीराला त्याची ॲलर्जी जडली की पुढे अगदी थोड्या संपर्कानेही झटका येतो. त्याचा वास धोका कळण्याइतका येत नाही, त्यामुळे कोळशाच्या फिल्टरचा मास्क निकामी झाला तरी पत्ता लागत नाही. बाहेरची शुद्ध हवा नळीने तोंडापर्यंत आणणारा मास्क लागतो, आणि तो घरच्या कामात कुणी आणत नाही. दुसरं कारण कामाचं. पीयू बराच वेळ ओला राहतो. शेडमधली धूळ आणि संध्याकाळचे डास त्यात चिकटतात, ओघळ आला तर तो पूर्ण कडक होईपर्यंत थांबावं लागतं. एनसी दहा-पंधरा मिनिटांत हाताला सुकतो, पुढचा हात मागच्या हातात विरघळून एकजीव होतो, आणि उडालेला फवारा हवेतच सुकून भुकटी होतो, त्यामुळे शेजारच्या गाडीवर चिकटत नाही. शिवाय जुन्या गाडीवर त्याची चमक शोभते. पीयूची काचेसारखी जाड झळाळी पद्मिनीच्या गोलाईवर उपरी वाटते.

एनसीला मर्यादा आहेत. उन्हात तो वर्ष-दोन वर्षांत फिका पडतो आणि पॉलिश मागतो, पेट्रोल सांडलं तर डाग पडतो. गाडी रोज वापरणार असाल आणि ती उघड्यावर उभी राहणार असेल, तर खाली सांगितलेली पुट्टीपर्यंतची सगळी तयारी घरी करा आणि त्यापुढचे पीयूचे थर पेंट बूथ असलेल्या गॅरेजमध्ये मारून घ्या. खर्चाचा मोठा भाग तयारीच्या मजुरीचाच असतो, तो तरीही वाचतो.

आधी सध्याचा रंग कोणता ते पाहा. बोनेटच्या आतल्या बाजूला, आणि मग बाहेरही एखाद्या कोपऱ्यात, एनसी थिनरमध्ये भिजवलेलं फडकं मिनिटभर दाबून धरा. रंग विरघळून फडक्याला लागला तर एनसी. सुरकुत्या पडून उचलला गेला तर सिंथेटिक इनॅमल. काहीच झालं नाही तर भट्टीत भाजलेला मूळ रंग किंवा पीयू. सिंथेटिक निघाला तर तो पूर्ण काढावाच लागतो, कारण त्यावर एनसी मारला की थिनर खालचा थर फुगवतो आणि सगळं पापुद्र्यासारखं वर येतं. इतक्या जुन्या गाडीवर बहुधा तीन-चार रंगकामं झालेली असतात, बाहेर एक आणि खाली दुसरंच असतं. कडेला ८० नंबरच्या पेपरने, पाणी लावून, पत्र्यापर्यंत घासून थर मोजा. दोनपेक्षा जास्त रंग दिसले तर सगळं उतरवा, कारण जाड थरांवरचा एनसी पुढे तडकतो.

जुन्या रंगात शिसं असू शकतं. म्हणून जुना रंग कोरडा घासून धूळ उडवू नका. पेंट रिमूव्हर लावून पत्तीने खरवडा, राहिलेलं पाण्यासोबत घासा. रिमूव्हर उघड्यावरच वापरायचा, रबरी हातमोजे आणि चष्मा घालून, आणि पत्र्यांच्या जोडात शिरणार नाही अशा बेताने, कारण तिथे अडकलेलं रसायन महिनाभराने नव्या रंगाखालून बाहेर येतं. सँडब्लास्टिंगवाल्याकडे बोनेट किंवा दारं देऊ नका. वाळूच्या माऱ्याने सपाट पत्रा ताणला जाऊन लाटा धरतो आणि त्या काढणं फार कठीण असतं.

एका वेळी एक किंवा दोनच भाग उघडे करा आणि त्याच दिवशी प्रायमरखाली घ्या. कोकणात आणि मुंबईत उघडा पत्रा रात्रभरात तांबूस होतो. पत्र्याला बोटं लावू नका, बोटांच्या घामाचे ठसेही गंजतात.

आता गंज. पद्मिनीची बॉडी मोनोकॉक आहे, म्हणजे वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडाच गाडीचा भार पेलतो. त्यामुळे फूटबोर्डाचा गंज हा मजबुतीचा प्रश्न आहे. रबरी मॅट उचलून फ्लोअर, बॅटरीखालचा पत्रा, डिक्कीचा तळ, मडगार्डची चाकामागची बाजू, हेडलाइटच्या कडा आणि पुढच्या काचेच्या बीडिंगचे खालचे कोपरे टोकदार स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. टोक आत गेलं तर तो पत्रा कापून नवा वेल्ड करावाच लागतो. पुट्टीने किंवा फायबरने भोक बुजवलं तर मागून ओल येत राहते आणि पुढच्या पावसाळ्यानंतर फुगा दिसतो. हे काम चांगल्या वेल्डरला द्या. आधी बॅटरी काढा, पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवा. दारांच्या तळाची पाणी जाण्याची भोकं तारेने मोकळी करा, दार आतून कुजण्याचं मुख्य कारण ती बुजणं हेच असतं.

वरवरचा गंज वायर ब्रशने आणि ८० नंबरने काढा. खड्ड्यांत काळे ठिपके उरले तर फॉस्फोरिक ॲसिडचं गंजनाशक लावा, डब्यावर लिहिल्याप्रमाणे धुवा आणि पूर्ण सुकवा. ॲसिडचा अंश राहिला तर त्यावर येणारा एपॉक्सी प्रायमर धरत नाही. त्याच कारणासाठी ॲसिड असलेल्या ‘एच’ (etch) प्रायमरवर, म्हणजे पत्रा किंचित खाऊन धरणाऱ्या प्रायमरवर, थेट पुट्टी लावू नये, पुट्टी तिथे नीट पिकत नाही.

उघड्या पत्र्यावर एपॉक्सी प्रायमरचे दोन हात. बाहेरून सगळी गाडी आणि दारांच्या कडा धरून हार्डनरसह दोन लिटर पुरतो. हा गनने मारता येतो, छोट्या जागी ब्रशनेही चालतो. एपॉक्सीचीही ॲलर्जी होऊ शकते, तेव्हा हातमोजे आणि मास्क इथेही हवेत. डब्यावर पुढचा थर किती तासांत किंवा दिवसांत मारावा ते लिहिलेलं असतं. ती मुदत टळली तर १८० नंबरने खरवडल्याशिवाय वर काहीही लावू नका. एपॉक्सीनंतर पत्र्यांचे सगळे जोड सीम सीलरने बंद करा.

पुट्टी एपॉक्सीच्या वर लावायची, आणि ती पाण्याने घासायची नाही. आपल्याकडे बहुतेक गॅरेजांत पुट्टी वॉटर पेपरने घासतात, कारण धूळ उडत नाही आणि पेपर तुंबत नाही. पण पॉलिस्टर पुट्टीत टाल्कची भुकटी असते आणि ती स्पंजसारखी पाणी पिते. ते पाणी वरच्या थरांखाली कोंडतं, खाली उघडा पत्रा असेल तर गंज सुरू होतो, आणि दोन पावसाळ्यांत रंगाला फोड येतात. खाली एपॉक्सी असला की पत्रा वाचतो. पुट्टी कोरडीच घासली की उरलेला धोकाही जातो. धुळीसाठी मास्क लावा आणि पेपर अधूनमधून झटका.

शंभर ग्रॅम पुट्टीला दोन ग्रॅम हार्डनर, सोनाराच्या छोट्या काट्यावर मोजून. डोळ्याच्या अंदाजाने नेहमी जास्त पडतो, आणि जास्तीचा हार्डनर पांढऱ्या किंवा फिकट रंगातून पिवळट डाग होऊन वर येतो. तीस अंशांच्या वर मिश्रण चार-पाच मिनिटांत घट्ट व्हायला लागतं, म्हणून लिंबाएवढाच गोळा कालवा, आणि फेटू नका, दाबून कालवा, नाहीतर हवेची भोकं राहतात. घासून झाल्यावर थर तीन मिलिमीटरच्या आत हवा. सगळ्या गाडीला तीन किलोपेक्षा जास्त पुट्टी लागत असेल तर डेंटिंग कमी पडलंय असं समजा आणि पत्रा पुन्हा ठोकून घ्या.

घासताना बोटांखाली पेपर धरू नका, बोटांच्या खुणा पन्हळीसारख्या उमटतात. दारांना आणि छपराला फूटभर लांब लाकडी ठोकळा वापरा, मडगार्डच्या गोलाईला हवाई चपलेचा तुकडा उत्तम. हात नेहमी तिरपा, एकदा या कोनात, एकदा उलट. आधी काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा मारून घ्या. घासल्यावर काळं उरलं तिथे खड्डा, लगेच पत्रा दिसला तिथे उंचवटा. ८०, १२०, १८० असा क्रम, एकही नंबर गाळायचा नाही. मग सुती फडक्यावरून तळहात फिरवून डोळे मिटून तपासा, हाताला लागतं ते चमकल्यावर डोळ्याला दिसणारच. दुसरी कसोटी : भाग पाण्याने नव्हे, ग्रीस रिमूव्हरने ओला करून ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पाहा. नळी सरळ दिसली तर काम झालं, वाकडी दिसली तर पुन्हा घासा. इथे आठवडा जास्त गेला तरी जाऊ द्या. बाकी सगळं काम मिळून जेवढं दिसतं त्याहून जास्त या एका गोष्टीवर दिसतं.

त्यावर एनसी प्रायमर सरफेसरचे, म्हणजे बारीक ओरखडे भरून काढणाऱ्या थराचे, तीन-चार हात, दीड-दोन लिटर, तेवढंच थिनर. सरफेसर सुकताना आकसतो, म्हणून किमान आठवडाभर तसाच ठेवा. घाईने रंग मारला तर महिन्याने पुट्टीच्या कडा आणि पेपरचे ओरखडे रंगातून वर येतात. आठवड्यानंतर ४०० आणि मग ६०० नंबरने पाण्यासोबत घासा, सुईच्या टोकाएवढी भोकं एनसी स्पॉट पुट्टीने भरा. कडेला कुठे पत्रा उघडा पडला तर तिथे ब्रशने एपॉक्सी आणि वर पुन्हा सरफेसर. रंगाआधी दोन दिवस ऊन दाखवून ओल पूर्ण जाऊ द्या.

सामान काढून ठेवताना बंपर, क्रोमच्या पट्ट्या, हँडल, दिवे, बीडिंग सगळं काढा. मास्किंगवर सोडलेली पट्टी कायम ओळखू येते, आणि तिच्याखाली गंज असतोच. क्लिपा तुटतात. त्या आणि बीडिंग कुर्ल्याच्या आणि पुण्याच्या नाना पेठेतल्या जुन्या स्पेअरवाल्यांकडे विचारा. प्रत्येक भागाचे स्क्रू वेगळ्या पिशवीत, नाव लिहून. चासी नंबरच्या ठिकाणी पुट्टी किंवा जाड रंग चढू देऊ नका.

रंगाची छटा मूळचीच ठेवावी असा माझा आग्रह आहे, आणि ती साधी, मेटॅलिक नको. मेटॅलिकमध्ये हात थोडा हलला तरी पट्टे दिसतात. मूळ छटा शोधायची तर डॅशबोर्डखाली किंवा आतल्या पत्र्यावर कधीच न रंगवलेली जागा असते, ती मशिन पॉलिशने घासून नमुना द्या. आरसी पुस्तकात रंगाची नोंद असते. रंग बदलणार असाल तर आधी आरटीओत विचारून नोंद बदलून घ्या.

एनसी रंग चार लिटर घ्या, थिनर सहा लिटर, तोही त्याच कंपनीचा. स्वस्त सुट्या थिनरमुळे रंग पांढुरका पडतो. सगळे डबे एका मोठ्या भांड्यात एकत्र करा, एकाच छटेच्या दोन डब्यांतही बारीक फरक असतो. अर्धा लिटर पुढच्या दुरुस्तीसाठी बंद करून ठेवा.

दोन एचपीच्या कॉम्प्रेसरला मोठी एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाब) गन झेपत नाही, तिला मिनिटाला दहा-बारा घनफूट हवा लागते. पाच-सहा घनफुटांवर चालणारी एलव्हीएलपी (कमी हवा, कमी दाब) गन घ्या, वर कप असलेली, १.३ किंवा १.४ मिलिमीटर नोझलची. टाकी किमान पन्नास लिटरची. हवा दाबली की गरम होते आणि निवताना पाणी सोडते, म्हणून पाण्याचा फिल्टर कॉम्प्रेसरला चिकटून नव्हे, सात-आठ मीटर नळीनंतर लावा. टाकीतलं पाणी दर अर्ध्या तासाने सोडा.

महिना महत्त्वाचा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरा. दव ओसरल्यावर, साधारण नऊ-दहा ते दुपारी तीन. आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या खाली, पत्रा सावलीत आणि हाताला गार किंवा कोमट. थिनर उडताना पत्रा थंड करतो, दमट हवेतलं पाणी त्यावर जमतं आणि रंग पांढुरका धुरकट होतो. तसं झालं तर घाबरू नका : कोरड्या दिवशी थिनरमध्ये थोडा रिटार्डर (थिनर हळू उडू देणारं द्रावण) घालून हलका फवारा मारा, बहुतेक वेळा रंग परत येतो. पावसाळ्यात हे काम काढूच नका.

आगीची काळजी मनापासून घ्या. एनसी रंग, थिनरची वाफ आणि सुकलेली भुकटी तिन्ही फार वेगाने पेटतात. शेडमध्ये गीझर, फ्रिज, इन्व्हर्टर, देवाचा दिवा, विडी काहीही नको. साधा एक्झॉस्ट पंखा वाफेच्या मार्गात लावू नका, त्याच्या मोटरच्या ठिणगीने भडका उडू शकतो. एका बाजूने ताजी हवा आत ढकलणारा पंखा ठेवा आणि दुसरी बाजू उघडी ठेवा. कॉम्प्रेसर शेडबाहेर. वापरलेली फडकी आणि झाडलेली भुकटी पाण्याच्या बादलीत. कोळशाच्या फिल्टरचा मास्क एनसीलाही हवाच. सोसायटीच्या सामाईक पार्किंगमध्ये हे काम करू नये.

आता फवारणी. आधी एखाद्या जुन्या दरवाज्यावर किंवा पत्र्यावर दोन संध्याकाळी सराव करा. ट्रिगर दाबलेला असताना दाब दोन बारच्या आसपास. भिंतीवर कागद लावून एक क्षण फवारा. उभा, सारखा भरलेला लांबट ठसा हवा. दोन्ही टोकं जाड आणि मध्य रिकामा असेल तर दाब जास्त किंवा रंग पातळ. मध्य जाड असेल तर दाब कमी किंवा रंग घट्ट. अंतर पंधरा-वीस सेंटिमीटर, वीतभर. गन पत्र्याला काटकोनात धरून सगळा हात सरकवायचा. मनगट फिरवलं की मध्ये जाड आणि टोकांना कोरडं पडतं. ट्रिगर कडेच्या आधी दाबायचा आणि कडेनंतर सोडायचा, प्रत्येक पट्टा मागच्यावर निम्मा चढवायचा.

रंग आणि थिनर समान मापाने, जाळीतून गाळून. आधी दारांच्या आणि डिक्कीच्या आतल्या कडा. मग छप्पर, त्यानंतर बोनेट, मग एक बाजू, मागची बाजू, दुसरी बाजू. पहिला हात विरळ, खालचं दिसलं तरी चालेल. पुढचे दोन-तीन ओले, मध्ये पंधरा मिनिटं. घाईने हातावर हात चढवला तर आत कोंडलेलं थिनर टाचणीएवढी भोकं पाडून बाहेर येतं. दुसऱ्या दिवशी ६०० नंबरने पाण्यात हलकेच घासून सपाट करा आणि पुन्हा तीन-चार हात. शेवटच्या हाताला रंगाच्या दीडपट थिनर, म्हणजे तो पसरून बसतो. सहा ते आठ हात पुरे. चमक वाढेल या आशेने दहा-बारा चढवले तर जाड एनसी काही वर्षांत बारीक भेगा धरतो.

ओघळ आला की बोटाने किंवा फडक्याने पुसायचा मोह होतो. तसाच सोडा, दुसऱ्या दिवशी ठोकळ्यावर ६०० नंबर लावून सपाट करा. किडा बसला तरी तेच. संत्र्याच्या सालीसारखा पृष्ठभाग आला तर रंग घट्ट, दाब कमी किंवा गन लांब, आणि तो शेवटी घासून निघतो. वाटीसारखे गोल खड्डे पडून मधून खालचा थर दिसला तर ते सिलिकॉन किंवा तेल आहे : डॅशबोर्ड पॉलिश, टायरची चमक, किंवा कॉम्प्रेसरचं तेल. वर रंग ओतून ते झाकलं जात नाही. सुकू द्या, घासा, ग्रीस रिमूव्हरने दोन फडक्यांनी पुसा, एक ओलं आणि लगेच मागे एक कोरडं. शेडमध्ये असली पॉलिशं महिनाभर आधीपासून वापरू नका.

शेवटच्या हातानंतर गाडी तीन आठवडे सावलीत ठेवा. वास पूर्ण गेला की आतलं बहुतेक थिनर उडालं. मग १२००, १५००, २००० नंबर, बादलीत साबणाचे चार थेंब टाकून. कडांना आणि मडगार्डच्या कण्यांना मास्किंग टेप लावा, तिथे रंग सर्वांत पातळ असतो आणि दोन फेऱ्यांत खालचा सरफेसर दिसतो. त्यानंतर रबिंग कंपाउंड हाताने किंवा कमी वेगाच्या फोम पॅडने, पॅड सतत हलतं ठेवून. मेण पहिले दोन-तीन महिने लावू नका, रंगाला अजून श्वास घ्यायचा असतो. बंपर आणि पट्ट्या बसवताना खाली टेप लावा आणि प्रत्येक क्लिपच्या भोकाच्या कडेला ब्रशने एक थेंब रंग सोडा.